बाहेरून आलेल्या वेली : वाचकांचे प्रश्न, आमची उत्तरं

मागच्या अंकात बाहेरून आणलेल्या द्राक्षजातींवर उभ्या असलेल्या घरगुती वायनऱ्यांबद्दल दोन पानं लिहिली होती. त्यावर इतकी पत्रं आली की या वेळचं अख्खं सदर त्यालाच दिलंय. नावं कुणाचीच छापत नाही, कारण निम्मी पत्रं म्हणजे घरातल्याच माणसांच्या तक्रारी आहेत आणि तुम्हाला त्याच घरात राहायचंय.

प्रश्न : आमची छोटी वायनरी आहे, आजेसासऱ्यांनी लावलेली बाग, सगळी तिथलीच जुनी जात. धाकटे दीर शिकून परत आले आणि आता म्हणतायत की निम्मी बाग तोडून कॅबर्ने सोव्हिन्यों लावू, बाटली नावावर खपते. सासरे काहीच बोलत नाहीत, फक्त हल्ली जेवताना ताटावरून लवकर उठतात. दीर मला मध्ये घालतात, वहिनी तुम्ही सांगा ना त्यांना. मी नक्की काय सांगू?

उत्तर : ताई, हे तुमच्या आधी एका नावाजलेल्या घरात घडून गेलंय. इटलीतलं बार्बारेस्को, तिथे गाया कुटुंबाची वायनरी, पिढ्यान् पिढ्या तिथलीच नेब्बिओलो ही जात लावणारी माणसं. १९७८ साली आंजेलो गाया यांनी घराखालच्या उत्तम जमिनीतली नेब्बिओलो काढली आणि तिथे कॅबर्ने लावली. वडील जोवान्नी तिथून जाताना तोंडातल्या तोंडात म्हणायचे, 'दारमाजी'. त्यांच्या बोलीत त्याचा अर्थ 'काय हे, वाईट झालं'. मुलाने पुढे त्या वाइनला नावच दारमाजी दिलं, १९८२ ची पहिली, आणि ती जगभर विकली गेली. आता ही गोष्ट दीर ऐकतील तर म्हणतील बघा मी म्हणत होतो, आणि सासरे ऐकतील तर त्यांना फक्त तो एक शब्द ऐकू येईल. दोघांचंही बरोबर आहे म्हणून तर भांडण मिटत नाही.

माझं मत विचाराल तर नावावर बाटली खपते हे लावायचं कारणच होऊ शकत नाही. लाल वाइनसाठी जगात सगळ्यात जास्त लावलेल्या जातींपैकी कॅबर्ने ही एक, म्हणजे तुमच्या बाटलीशेजारी त्याच नावाच्या शेकडो बाटल्या उभ्या राहणार, आणि त्यातल्या कितीतरी तुमच्यापेक्षा मोठ्या कारखान्यातून येणार. दिरांना नाव सोडून दुसरं काही तरी विचारा, आणि ते म्हणजे ही जात तुमच्याकडे पिकते कधी. तुमच्या जुन्या जातीच्या आधी, नंतर, का एकदमच? याला मी सगळ्यात जास्त किंमत देतो, चवीपेक्षाही. घरगुती वायनरीत टाक्या मोजून असतात आणि माणसं त्याहून मोजून. लाल द्राक्ष सालीसकट टाकीत आंबतं, त्याला साधारण आठवडा ते दोन आठवडे लागतात, तेवढा वेळ ती टाकी अडकलेली असते. दोन जाती पंधरा दिवसांच्या अंतराने पिकल्या तर एकच टाकी दोनदा वापरता येते आणि तीच चार माणसं दोन्ही तोडण्या करतात. दोन्ही एकाच आठवड्यात आल्या तर एक वेलीवर सुकेल किंवा दुसरी कच्ची तोडावी लागेल, आणि मग त्या गडबडीत जी वाइन होते ती दोघांच्याही नावाला शोभत नाही.

दुसरं, बाग तोडू नका. जुन्या खोडावर नवी जात चढवता येते, त्याला टॉप वर्किंग म्हणतात. खोड ओलांड्याच्या, म्हणजे आडव्या फांदीच्या, खाली आडवं कापायचं, कापलेल्या तोंडातून एकदोन दिवस पाणी गळतं ते गळू द्यायचं, मग फट पाडून त्यात दोन डोळ्यांच्या काडीची पाचर बसवायची, दोन्ही सालींची आतली बाजू जुळली पाहिजे बरं का, मधल्या लाकडाला लाकूड लागून उपयोग नाही कारण जोड धरतो तो सालीखालच्या हिरव्या पातळ थरातून, आणि मग घट्ट बांधून वरून मेण. खाली मुळं जुनी, खोल गेलेली, त्यामुळे फुटवा असा जोरात येतो की बांधायला माणूस पुरत नाही. नवं रोप लावलं तर पहिलं धड पीक तिसऱ्या वर्षी, इथे दुसऱ्याच हंगामात थोडं तरी घड हातात येतात. एक धोका मात्र आहे आणि तो सांगायला लोक विसरतात. जुन्या खोडात लीफरोल व्हायरस असेल तर तो नव्या जातीतही जातो. पानं कडेने आत वळतात, लाल जातीत लालसर होतात, शिरा तेवढ्या हिरव्या राहतात. दिसायला सुंदर दिसतं हो, पण असं झाड साखर उशिरा भरतं, म्हणजे परत पिकायच्या वेळेचाच घोळ. कलमाआधी टेस्ट करून घ्या.

तिसरं, शंभर वेली करा, निम्मी बाग नको. वेलीला दोन किलो धरले तर दोनशे किलो द्राक्षं, त्यातून साधारण सव्वाशे-एकशे तीस लिटर वाइन. एवढ्यावर कळतं जे कळायचं ते. आणि इथे माझा स्वतःचा गाढवपणा सांगतो. आम्ही असाच शंभर वेलींचा प्रयोग केला होता आणि हौसेने ती वाइन २२५ लिटरच्या बॅरलमध्ये भरली, नवीन बॅरल होतं ना, वापरायचं होतं. वरचा जवळपास निम्मा भाग रिकामा, म्हणजे हवा. वाटलं टॉपअप करू नंतर कशाने तरी. सहा महिन्यांनी बूच काढलं तर नाकात झिणझिण्या, अस्सल व्हिनेगर. ती जात चांगली होती का वाईट ते आजपर्यंत कळलं नाही, सगळं वर्ष वाया. तेव्हा काचेचे छोटे कॅरबॉय, म्हणजे बुधल्यांसारख्या बाटल्या, घ्या आणि गळ्यापर्यंत भरा.

आणि सासऱ्यांना काय सांगायचं? काही सांगू नका, विचारा. बागेतली कुठली ओळ दरवर्षी मागे राहते, ते विचारा. हे त्यांना पाठ असणार, कुठल्याही शिकून आलेल्या माणसाला ते दहा वर्षं कळणार नाही. कलम त्या ओळीवर करा. बोलतील बघा ते.

प्रश्न : परकी परकी म्हणता पण परकी म्हणजे किती परकी? आमच्याकडे एक जात शंभर वर्षं आहे, तिला आता घरचीच म्हणायचं ना?

उत्तर : खुशाल म्हणा. यात शुद्ध-अशुद्ध करायला गेलात तर कुणीच वाचत नाही. माल्बेक घ्या. आज माल्बेक म्हटलं की अर्जेंटिना, पण ती फ्रान्सच्या काओरकडची, तिथे तिला को म्हणतात. मिशेल पुजे नावाचा फ्रेंच कृषितज्ज्ञ १८५३ च्या सुमारास ती अर्जेंटिनातल्या मेंडोझाला घेऊन गेला आणि तिकडच्या उंचावरच्या कोरड्या उन्हात ती अशी काही रमली की माहेर मागे पडलं. तन्नातचं तेच, फ्रान्सच्या नैर्ऋत्येकडून उरुग्वेत गेली आणि ज्या माणसाने लावली त्याच्या आडनावाने, आरियाग म्हणून, तिकडे कितीतरी वर्षं ओळखली जात होती.

झिनफांडेलची तर गंमतच. कॅलिफोर्नियावाले तिला अगदी आपली म्हणायचे. इटलीतली प्रिमितिवो आणि ही एकच हे डीएनएने आधी दाखवलं, मग कॅलिफोर्नियातल्या संशोधक कॅरोल मेरेडिथ आणि त्यांचे क्रोएशियन सहकारी मूळ शोधत क्रोएशियाच्या किनाऱ्यावर पोचले, आणि २००१ च्या अखेरीस एका जुन्या बागेत मोजक्याच उरलेल्या वेली सापडल्या, त्सर्ल्येनाक काश्तेलान्स्की नावाच्या. तीच झिनफांडेल. घरी नाव तोंडात बसत नाही अशी अवस्था आणि बाहेर हजारो एकर. कॅबर्ने सोव्हिन्योंलाही फार जुनी समजू नका, ती कॅबर्ने फ्रां आणि सोव्हिन्यों ब्लां यांच्या संकरातून आपोआप झालेली, आणि हे १९९७ मध्ये याच मेरेडिथबाई आणि जॉन बॉवर्स यांनी दाखवलं. लाल वाइनची राणी, आणि आई-बापातलं एक पांढरं.

शंभर वर्षं झाली म्हणता, तर एवढंच बघा की तुमच्याकडे ती दरवर्षी पावसाआधी, थंडीआधी पिकून हातात येते का. येत असेल तर घरची.

प्रश्न : आमच्याकडे उन्हाळे दिवसेंदिवस कडक होतायत. वडिलांनी पिनो न्वार लावली होती ती आता घाईघाईत पिकते आणि वाइनला दम राहत नाही, नुसतं अल्कोहोल. बाहेरची कुठली व्हरायटी आणावी? यादी द्या.

उत्तर : यादी देत नाही, राग मानू नका. हिशेब देतो, यादी तुमची तुम्ही काढाल.

१९४४ मध्ये कॅलिफोर्निया विद्यापीठात अमेरिन आणि विंकलर या दोघांनी एक साधी पद्धत मांडली, ती अजून चालते. वेल १० अंश सेल्सिअसच्या खाली फारशी वाढत नाही असं धरायचं. मग रोजचं कमाल आणि किमान घ्यायचं, सरासरी काढायची, त्यातून १० वजा. कमाल ३१, किमान १५, सरासरी २३, वजा १० म्हणजे १३. हे आजचे १३. अशी वाढीच्या सात महिन्यांची रोजची बेरीज करत जायची. बेरीज १३९० च्या आत राहिली तर थंड प्रदेश, तिथे पिनो न्वार, शार्डने सुखात. २२०० च्या पुढे गेली तर अगदी गरम. तुमची वही वडिलांच्या काळापासूनची असेल तर आज बसून दोन्ही बेरजा करा, वीस वर्षांपूर्वीची आणि गेल्या वर्षीची. आकडा बघितल्यावर पिनोवर रागवायचं कारण उरणार नाही, तिची चूक नाही. हंगामाची सरासरी साधारण १४ ते १६ अंश असते तिथे ती चांगली येते, कॅबर्नेला साधारण १७ ते २० चालतं. म्हणजे दोनतीन अंशांत सगळा खेळ आहे.

पण नुसत्या बेरजेवर जाऊ नका, कारण द्राक्षात दोन घड्याळं चालतात. एक साखरेचं आणि दुसरं सालीचं नि बियांचं. कडक उन्हात साखरेचं घड्याळ पळतं, आम्लता झपाट्याने उतरते, आणि साल-बी मात्र मागे राहते. रिफ्रॅक्टोमीटरवर, म्हणजे साखर मोजायच्या यंत्रावर, ब्रिक्स २४ दिसतंय म्हणून तोडायला सुरुवात करता आणि वाइनमध्ये कच्ची तुरट चव येते ती यानेच. मणी तोंडात घ्या, गर गिळून टाका, बी दाढेखाली चावा. हिरवट आणि कडू लागली, दात आंबल्यासारखे झाले, तर थांबा. तपकिरी झाली, कुरकुरीत तुटली, भाजल्यासारखी चव आली, तर ती तयार. साल बोटात चोळून बघा, रंग बोटाला लागतो का. दहा वेलींवर करा हे, एका वेलीवर नाही, आणि घडाच्या सावलीतल्या बाजूचेही मणी घ्या कारण आपला हात नेहमी उन्हातल्या गोड मण्याकडे जातो.

म्हणून गरम जागेला अशी जात हवी जी उशिरा पिकते आणि आंबटपणा धरून ठेवते, म्हणजे दोन्ही घड्याळं हंगामाच्या शेवटी, रात्री गार व्हायला लागल्यावर, एकत्र येतात. खुद्द फ्रान्सच्या बोर्डोवाल्यांनी, म्हणजे ज्यांच्या जाती आपण सगळे आणतो त्यांनी, हेच केलंय. २०२१ मध्ये तिथे सहा नव्या जातींना परवानगी मिळाली, मार्सेलान, अरिनार्नोआ, कास्तेत, लिलिओरिला, आणि पोर्तुगालच्या दोन, तूरिगा नासिओनाल आणि अल्वारिन्यो. पण सावधपणे, बागेच्या ५ टक्क्यांपर्यंत आणि मिश्रणात १० टक्क्यांपर्यंतच. बोर्डोसारखी जागा ५ टक्क्यांनी सुरुवात करते आणि आपल्याकडचे लोक निम्मी बाग तोडायला निघतात (वरच्या ताईंच्या दिरांनी हे वाचावं).

प्रश्न : नर्सरीतून एका नावाची रोपं आणली, चार वर्षं वाढवली, आता फळ आलं तर ते वेगळंच काहीतरी वाटतंय. नर्सरीवाला म्हणतो जात तीच आहे तुमच्या मातीचा दोष. कसं ओळखायचं? आणि एवढ्या लेबलांचं काय करायचं, छापून आलीत.

उत्तर : लेबलं ठेवा बाजूला. तुमच्यापेक्षा मोठ्यांची फसगत झालीये यात, सगळा देश फसलाय. चिलीमध्ये शंभरेक वर्षं लोक मर्लो म्हणून जे लावत होते त्यातलं बरंचसं कार्मेनेर निघालं. ही बोर्डोची जुनी जात, फायलोक्झेराच्या किडीनंतर तिकडे जवळपास संपलेली, सगळे तिला विसरून गेलेले. १९९४ मध्ये ज्याँ-मिशेल बुर्सिको हे फ्रेंच तज्ज्ञ चिलीतल्या एका बागेत फिरताना थांबले आणि म्हणाले ही मर्लो नाही. आणि यातली खरी मेख परत तीच, पिकायची वेळ. कार्मेनेर मर्लोपेक्षा काही आठवडे उशिरा पिकते. दोन्ही एकाच बागेत मिसळलेल्या, एकाच दिवशी तोडायच्या, त्यामुळे निम्मी द्राक्षं कच्ची जायची आणि वाइनला हिरव्या ढोबळी मिरचीचा वास यायचा. लोक म्हणायचे चिलीच्या मर्लोची हीच खासियत. खासियत कसली, कच्ची द्राक्षं होती ती. तो वास पायराझिन नावाच्या पदार्थाचा, कॅबर्नेच्या गोतावळ्यात तो असतोच, फळ पिकतं आणि घडाला ऊन लागतं तसा कमी होतो.

ऑस्ट्रेलियात तर याहून वाईट. हौसेने स्पॅनिश आल्बारिन्यो लावली, बाटल्या बाजारात गेल्या, आणि २००९ मध्ये डीएनए तपासणीत निघालं की ही फ्रान्सच्या ज्यूरामधली सावान्यां. स्पेनमधून आलेल्या मूळ काड्याच तशा होत्या. सगळ्यांना लेबलं बदलावी लागली, वाइन तीच, लोक तेच, फक्त आता नाव कुणाला उच्चारता येईना.

तुम्ही काय करायचं तर फळ बघू नका, फळ मातीने, पाण्याने, छाटणीने बदलतं आणि तिथेच नर्सरीवाला तुम्हाला गुंडाळणार. कोवळा शेंडा बघा. फूट नुकती निघालेली असताना शेंड्यावरची लव पांढरी आहे का, पानाच्या खालच्या बाजूला लालसर झाक आहे का (कार्मेनेरला असते, मर्लोला नसते), पूर्ण वाढलेल्या पानाला किती खाचा, देठाजवळची फट उघडी की दोन्ही बाजू एकमेकींवर चढलेल्या. खात्रीच्या बागेतलं पान आणून शेजारी ठेवा. शंका राहिलीच तर डीएनए टेस्ट, पान किंवा काडी पाठवली की झालं, माती काहीही असो डीएनए बदलत नाही, हे नर्सरीवाल्यालाही माहितीये. आणि पुढच्या वेळी रोपं घेताना कलमाची काडी कुठल्या मातृवेलीवरून घेतली ते लेखी मागा, तोंडी नको.

बाकी वाइन प्यायला चांगली झाली असेल तर चिडून बाग तोडू नका एवढंच.

प्रश्न : बाहेरची व्हरायटी लावायची तर मुळंही बाहेरचीच हवीत का? कलम न करता सरळ काडी लावली तर काय होतं, स्वस्त पडतं.

उत्तर : स्वस्त पडतं, किडीलाही. फायलोक्झेरा म्हणजे मुळांवर बसून रस शोषणारी बारीक पिवळसर माव्यासारखी कीड, अमेरिकेतून १८६० च्या दशकात फ्रान्सला गेली आणि युरोपभर बागा वाळवत सुटली. १८६८ मध्ये फ्रेंच वनस्पतिशास्त्रज्ञ प्लांशों यांनी वाळलेलं झाड सोडून शेजारचं अजून हिरवं असलेलं झाड उपटून मुळं बघितली तेव्हा ती दिसली, कारण मेलेल्या झाडावर ती थांबतच नाही, पुढच्या वेलीवर जाते. उपाय निघाला तोही अमेरिकेचाच. तिथल्या रानवेलींच्या मुळांना ती कीड चावली की जखमेभोवती बुचासारखा थर धरतो आणि मूळ वाचतं. युरोपी वेलीला ते जमत नाही, जखम कुजते. म्हणून खाली अमेरिकन खुंट आणि वर हवी ती जात. जगात आज बहुतेक सगळीकडे हेच, म्हणजे गर्वाने मूळची म्हणवणारी फ्रेंच बागसुद्धा अमेरिकन पायांवर उभी आहे. चिलीसारखे काही प्रदेश आणि निव्वळ वाळूच्या जमिनी तेवढ्या सुटल्या.

खुंट निवडताना किडीइतकंच जमिनीकडे बघा. चुनखडीला बर्लांडिएरी या अमेरिकन रानवेलीच्या रक्ताचे, खारट जमिनीला आणि सूत्रकृमीला डॉगरिजसारखे. जोमदार खुंटाने वेल माजते, पाला वाढतो, पिकणं लांबतं, हेही धरा. आणि ज्या खुंटात युरोपी रक्त आहे त्यापासून जरा लांब. कॅलिफोर्नियात एएक्सआर-१ नावाचा खुंट खूप लावला होता, उत्पादन उत्तम, पण त्याचं एक पालक युरोपी, आणि १९८० च्या दशकात किडीने तिथूनच वाट काढली. हजारो एकर परत लावावे लागले.

प्रश्न : लेबलवर काय लिहू शकतो, जातीचं नाव की तिच्या गावाचं?

उत्तर : जातीचं हो, गावाचं नाही. शार्डने लिहा, शॅम्पेन लिहू नका, ते प्रदेशाचं नाव आहे आणि तिथले लोक कोर्टात जातात. कधी जात नि गाव एकच वाटतं तिथे जास्त काळजी, प्रोसेक्को हे २००९ पर्यंत द्राक्षाचंही नाव होतं, इटलीने गावाचं नाव राखायला द्राक्षाचं अधिकृत नाव ग्लेरा केलं. एका जातीचं नाव टाकायला युरोपात ८५ टक्के ती जात लागते, अमेरिकेत साधारण ७५, तुमच्या इथला नियम आधी बघा. आणि नियमात तुमची बाहेरची जात बसतच नसेल तरी जग बुडत नाही. इटलीच्या बोल्गेरीत मारिओ इन्चिसा देल्ला रोक्केत्ता यांनी १९४० च्या दशकात कॅबर्ने लावली, किती वर्षं ती वाइन घरातच पीत होते, १९६८ ची पहिल्यांदा विकायला काढली आणि तिच्यावर लिहावं लागायचं 'टेबल वाइन', म्हणजे सगळ्यात खालचा दर्जा. तीच आज जगभर नावाजलेली सास्सिकाइया. नियमाला तिच्यासाठी वेगळी जागा करायला १९९४ उजाडलं.

प्रश्न : आजीच्या वेळची एक जात बागेच्या कडेला दहाबारा वेली उरलीये, नावही कुणाला माहीत नाही. बाकी सगळं आम्ही बाहेरचं लावलं आणि त्यावरच घर चालतंय. कधी कधी वाटतं आपण चूक केली का.

उत्तर : घर चालतंय ना, मग चूक कसली. पण त्या दहाबारा वेली मरू देऊ नका, आणि याला भावनेपेक्षा वेगळं कारण आहे.

स्पेनच्या पेनेदेसमधलं तोर्रेस कुटुंब. मिगेल तोर्रेस यांनी १९६० च्या दशकात तिथे कॅबर्ने लावली तेव्हा लोकांनी नाकं मुरडली. १९७० सालची त्यांची कॅबर्ने १९७९ मध्ये पॅरिसच्या एका मोठ्या चवस्पर्धेत बोर्डोच्या बड्या नावांच्या पुढे गेली. इथपर्यंत सगळ्यांना माहीत असतं. पण याच माणसाने १९८० च्या दशकात स्थानिक पेपरात जाहिराती दिल्या की तुमच्या बागेत ओळखू न येणारी जुनी वेल असेल तर कळवा. शेतकऱ्यांनी कळवलं. एकेक काडी गोळा केली, व्हायरस काढून स्वच्छ केली, वाढवली, तिची वाइन करून बघितली. त्यातून गार्रो, केरोल अशा कुणाच्या लक्षात नसलेल्या जाती परत आल्या आणि त्यांच्या ग्रान्स मुरालेस या वाइनमध्ये गेल्या. ज्याने परकी आणली त्यानेच घरची शोधली. या शोधातल्या काही जाती उशिरा पिकणाऱ्या, उष्णतेत आंबटपणा राखणाऱ्या निघाल्या. आजोबांच्या वेळी ज्या मागे पडल्या, त्यांची वेळ आता आलीये.

लेबनॉनच्या शातो मुसार या वायनरीचं घर पण बघा, १९३० पासून होशार कुटुंबाकडे. लालसाठी कॅबर्ने, सँसो, कारिन्यां अशी फ्रान्सची पलटण, आणि पांढऱ्यासाठी तिथल्याच ओबैदेह आणि मेरवाह. यादवी युद्धात ट्रक तोफांच्या आवाजात बेका खोऱ्यातून द्राक्षं आणत होते, १९७६ ची वाइन झालीच नाही, बाकी वर्षं कशीबशी निभावली. दोन्ही प्रकारच्या वेली एकाच घरात नांदतात की.

आजीच्या वेलींचा या हंगामात एवढाच अभ्यास करा, डोळे कधी फुटले, फूल कधी, मण्यात पाणी कधी उतरलं (म्हणजे मणी मऊ पडून रंग धरायला लागले), तोडायजोगी कधी झाली. चार तारखा, वहीत. शेजारी बाहेरच्या जातीच्या चार तारखा. मग काड्या घेऊन दुसरीकडे वीस वेलींवर चढवा, एकाच जागी ठेवू नका, एक रोग आला की संपलं.

प्रश्न : थोडक्यात उत्तर चालेल. एका बाटलीला किती द्राक्षं लागतात? आणि लावल्यापासून पहिली बाटली विकेपर्यंत किती वर्षं?

उत्तर : ७५० मिलीच्या बाटलीला किलो-सव्वा किलो. नवी लागवड आणि बॅरलमधली लाल असेल तर पाच वर्षं धरा, कर्ज काढताना सहा सांगा.

प्रश्न : आमच्या बाहेरच्या जातीच्या चार ओळीच पक्षी खातात, बाकीच्या बागेला चोचसुद्धा लावत नाहीत. त्यांना परकी द्राक्षं जास्त आवडतात का? सासूबाई तर म्हणतात पाखरांनाही परदेशी लागतं.

उत्तर : सासूबाईंना माझा नमस्कार सांगा, वाक्य आवडलं. पण पक्ष्यांना जात कळत नाही, लवकर गोड झालेलं कळतं. तुमची नवी जात बाकीच्या बागेआधी पिकते, त्यामुळे आसपासची सगळी पाखरं त्या चार ओळींवर जेवतात, तेव्हा दुसरं काही पिकलेलंच नसतं. मोठ्या बागेत हे नुकसान विभागलं जातं, चार ओळींत सगळं त्यांच्याच डोक्यावर. जाळी टाका, आणि मण्यात पाणी उतरायच्या आधी टाका, कारण एकदा चव लागली की ती जाळीखालून चालत येतात. जाळीची कड खाली मातीला टेकवून दगड ठेवा. वरून नुसती अंथरून उपयोग नाही, बाहेरच्या बाजूचे घड ती जाळीतून चोच घालून खातात, तेवढी एक वीत लांब धरायला बांबूच्या कमानी लागतील.